गोधडीच्या गोटासाठी मंगळदास मार्केटमध्ये

सहा महिने गोधडीचा मधला भाग जोडत होते. आराखडा काढला नव्हता, मोजपट्टी धरली नव्हती. आईची दोन इरकली लुगडी, बाबांचा निळ्या रेघांचा पायजमा, लेकीच्या फ्रॉकचा घेर. हाताला आलं ते कापलं आणि जिथे शोभलं तिथे जोडलं. भिंतीवर टांगायची होती, 48 बाय 62 इंच. पूर्ण झाल्यावर जमिनीवर अंथरली, तर नजर कुठे ठरेचना. तिला गोट, म्हणजे चहूबाजूंनी रुंद पट्टी, हवी होती.

पहिलं कापड घरबसल्या मागवलं आणि फसले. वर्णनात शुद्ध सुती खण लिहिलं होतं, फोटोही सुंदर होता. हातात आल्यावर शंका आली म्हणून कडेचे पाच-सहा धागे उपसून पेटवले. सूत जळलं की कागद जळल्याचा वास येतो आणि चिमटीत भुरभुरीत राख उरते. इथे धागे आक्रसले आणि टोकाला कडक काळा मणी झाला. म्हणजे पॉलिस्टर. कापलेलं कापड परत घेत नाही म्हणाले. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खरा खण ज्याने हाताळलाय त्याला याचं वाईट वाटेल, तसंच मलाही वाटलं.

मग मंगळवारी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून क्रॉफर्ड मार्केटवरून चालत मंगळदास मार्केट गाठलं. रविवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा. शक्य तर अकराच्या सुमारास जा, दुपारनंतर गल्ल्यांतून पाय ठेवायला जागा नसते. आणि तुकड्याचा नमुना नेऊ नका, अख्खी गोधडी घेऊन जा. मी पिशवीत घडी करून नेली होती. सुती कापडाच्या एका दुकानात विचारलं, तर मालकांनी गादीवरचे तागे बाजूला सारले आणि म्हणाले, "अंथरा ना मॅडम." तिथे काम करणाऱ्या मुलाने दुसरं टोक धरलं. पुढचा दीड तास त्या दोघांनी चौदा तागे उलगडून कडेला लावून दाखवले, एकदाही घाई केली नाही. या बाजाराला मी पैकीच्या पैकी गुण देते ते यासाठी.

मी मनात मरून रंग ठरवून गेले होते, लुगड्याचाच म्हणून. तो कडेला ठेवला आणि आईचं लुगडंच दिसेनासं झालं. मध्ये जो रंग सर्वांत जास्त, तोच चहूबाजूंनी लावला की मधल्या रंगाचं मोल जातं. काळा लावला तर सगळे रंग उठून आले, पण गोधडी चौकटीत कोंडल्यासारखी वाटली. कच्छचं अजरख, ठशांनी छापलेलं कापड, मला फार प्रिय आहे, पण त्याची मोठी नक्षी मधल्या तुकड्यांशी भांडू लागली. शेवटी फ्रॉकवरच्या नखाएवढ्या पानांतला मोहरी रंग सापडला. साऱ्या गोधडीत तो फक्त तेवढाच होता. आत एक इंचाची मोहरी पट्टी आणि बाहेर सहा इंच नीळ, असं ठरलं. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहिला. नीळ मधल्या कुठल्याही तुकड्यापेक्षा गडद दिसली, पण काळी पडली नाही.

खरं शिकले ते त्या मुलाकडून. मला आधी एक गुळगुळीत, ताठ निळं कापड आवडलं होतं. त्याने त्याचं टोक दोन्ही तळव्यांत धरून जोरजोरात चोळलं. पांढरी भुकटी गादीवर पडली आणि चोळलेल्या जागी कापड विरळ दिसू लागलं. "काकू, हे खळीवर उभं आहे. दोनदा धुतलंत की जाळी होईल." मग त्याने हाताने रंगवलेलं, थोडं गाठाळ सुताचं कापड काढलं आणि लुगड्याच्या तुकड्यासोबत एकाच मुठीत धरून सोडलं. दोन्ही सारखीच खाली आली. चाळीस वर्षं धुतलेल्या लुगड्याशेजारी ताठ कापड लावलं असतं तर मध्ये झोळ आणि कडेला फळी झाली असती. रंगापेक्षा मी आता हे आधी पाहते.

उणीव एकच, आत उजेड ट्यूबलाइटचा. त्यात नीळ काळीच भासते. मुलाने तागा गल्लीच्या तोंडाशी, उन्हात नेऊन दाखवला. तुम्हीही तसं मागा. बऱ्याच ठिकाणी मीटरच्या खाली कापत नाहीत, तेही आधी विचारा.

नीळ 180 रुपये मीटरने अडीच मीटर घेतली, मोहरी कॅम्ब्रिक (तलम सुती) अर्धा मीटर. पन्हा 44 इंच होता. निळीच्या पट्ट्या किनारीला समांतर, उभ्या धाग्यात कापल्या. उभा धागा कमी ताणतो आणि मध्ये जोड येत नाही. उरलेल्यातून कडा बंद करायची मगजीही निघाली. कापण्याआधी कापड तीन पाण्यांतून काढलं, चौथ्यांदा ओला पांढरा रुमाल घासून पाहिला, तेव्हा कुठे रंग लागायचा थांबला. चार बोटं आटलंसुद्धा. लांबी गोधडीच्या मधोमध मोजली. तिरक्या तुकड्यांनी कडा ताणली होती, ती 63 भरत होती आणि मध्य 62. पट्टी 62 चीच कापली आणि कडेचा इंच टाचण्यांनी थोडा थोडा जिरवला. कडेच्या मापाने कापली असती तर भिंतीवर लाटा दिसल्या असत्या.

कोपऱ्यांत कापडाची घडी घालून छोटे त्रिकोण शिवले. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, कोपऱ्यांना असेच लावतात, त्यांना फुला म्हणतात. खालच्या कडेला मात्र डावीकडे दोन वीत नीळ लावली नाही. तिथे आईच्या लुगड्याचा गोमी नावाचा इरकली काठ होता. त्या मुलाने अंथरताना त्यावर बोट ठेवून विचारलं होतं, "हाही झाकणार?" तो तसाच ठेवला.