फॉल्स सिलिंगचे एलईडी, नऊ महिन्यांनंतर : लाइट चांगले, वायर आखूड

गेल्या दिवाळीआधी मानपाड्याच्या घरी हॉलला पीओपी करून घेतलं आणि त्यात 12 वॉटचे आठ गोल लाइट बसवले. उजेड मस्त आहे, आठ मिळून 96 वॉट म्हणजे आधीच्या चोकवाल्या दोन ट्यूब साधारण तेवढंच खायच्या, पण आता एकही कोपरा अंधारा राहत नाही. फक्त 6500 केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे, घेऊ नका, रात्री हॉल दवाखान्यासारखा दिसतो, आमचे 4000चे आहेत.

पहिल्या रात्रीपासून एक त्रास होता, स्विच बंद केला तरी दोन लाइट मंद पेटलेले दिसायचे. वायरमन म्हणाला, साहेब एलईडीत होतं असं. मी मान्य केलं आणि सहा महिने माल हलका म्हणून ज्याला त्याला सांगत फिरलो.

जूनमध्ये एक लाइट गेला. दुकानदार म्हणाला, बिल आणि लाइट घेऊन या, वॉरंटीत आहे. स्टुलावर चढलो, स्प्रिंग दाबून लाइट खाली ओढला तर वायर जेमतेम चार बोटं, ड्रायव्हर (लाइटला करंट पुरवणारी छोटी डबी) वरच अडकलेला. जरा जोर लावला तर टेप गुंडाळलेला जॉइंटच सुटला आणि वायर पीओपीच्या आत गेली. अहो, वीतभर वायर जास्त सोडायला किती पैसे लागतात? त्यापायी पीओपी कापायला लागलं, वर पॅच आणि रंग, सगळं मिळून अठराशे रुपये. लाइट साडेतीनशेचा!

दुसरा वायरमन आला, त्याने स्विच बंद ठेवूनच लाइटच्या वायरीला टेस्टर लावला तर पेटला. आधीच्याने स्विचवर फेजच्या जागी न्यूट्रल घेतला होता, म्हणजे स्विच बंद असला तरी वर करंट होताच आणि मी त्याच भोकात हात घालून उभा होतो. घरात मुलगा आहे, त्यालाही मीच सांगितलं होतं की स्विच बंद कर आणि पुस लाइट. बोर्डात दोन वायरी बदलल्या, दहा मिनिटांचं काम, त्या रात्रीपासून मंद पेटणं बंद. तेव्हा लाइटबद्दल जे बोललो ते मागे घेतो, माल चांगला आहे.

गेलेल्या लाइटचाही फक्त ड्रायव्हर उडाला होता, एलईडीची प्लेट ठीक. वॉरंटीसाठी आठवडाभर थांबायचं नव्हतं, दीडशेत नवीन ड्रायव्हर टाकला. जुन्यावर मिलीअँपिअर किती लिहिलंय ते बघूनच घ्या, आमच्यावर 300 होते, जास्तीचा लावला तर प्लेट तापून जाते. आणि हात लावायच्या आधी एमसीबी (मेन बोर्डातला लाइन तोडणारा स्विच) पाडा, स्विचवर भरवसा ठेवू नका.

तुमचं पीओपी चालू असेल तर लाइट चढवायच्या आधी प्रत्येक भोकातून हातभर वायर खाली लोंबतेय का ते स्वतः उभं राहून बघा. आमच्या उरलेल्या सातांची अजून आखूडच आहे, गणपतीआधी घराला रंग द्यायचाय तेव्हा तीही वाढवून घेणार, जॉइंटला टेप नाही, कनेक्टर लावून.