पोटात घ्यायची गोळी की आत ठेवायची?

मेडिकलच्या काउंटरवर हलक्या आवाजात ‘खाली खाज येतेय’ म्हटलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट हातात पडते. फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी, नाहीतर क्लोट्रिमाझोलच्या योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या, त्याही वर्तमानपत्रात गुंडाळून. मग मैत्रिणीला फोन : यातली स्ट्राँग कुठली गं?

साध्या, कधीतरी होणाऱ्या यीस्टच्या, म्हणजे एका बुरशीच्या, संसर्गात दोन्हींचा गुण जवळपास सारखाच. कोर्स पूर्ण करणाऱ्या १० पैकी ८-९ जणी बऱ्या होतात. त्यामुळे निवड करायची ती आपली तब्येत, आधीपासून चालू असलेली औषधं आणि घरातली सोय बघून.

त्याआधी एक अडचण असते. ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणजे यीस्टच, असं नाही. यीस्टमध्ये खाज जबरदस्त, स्राव दह्याच्या कवडीसारखा घट्ट, वास फारसा नाही. पातळ स्रावाला मासळीसारखा वास असेल किंवा तो हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर दुखणं वेगळं, आणि त्यावर ही दोन्ही औषधं फुकट जातात. म्हणून पहिल्यांदाच त्रास होत असेल, ताप किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तांगाच्या संसर्गांसाठीच्या दवाखान्यात, मिळणाऱ्या हिरव्या किटमध्ये फ्लुकोनाझोलच्या जोडीला सेक्निडाझोल हे त्या वेगळ्या दुखण्यांवरचं औषध असतं, ते याच गोंधळावरचा उपाय म्हणून.

पोटातल्या गोळीची मोठी जमेची बाजू म्हणजे सुटसुटीतपणा. पाण्याबरोबर घेतली की काम झालं. एकत्र कुटुंबात, हॉस्टेलवर, प्रवासात याला फार किंमत आहे. औषध स्रावात तीनेक दिवस टिकतं, म्हणून दुसऱ्या दिवशी खाज आहे म्हणून लगेच आणखी एक गोळी घेण्यात अर्थ नाही. थोडी मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. खरी काळजी इतर औषधांची. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर एकदम खाली येऊ शकते. कोलेस्टेरॉलच्या आणि हृदयाच्या ठोक्यांच्या काही औषधांशीही तिचं जमत नाही. ‘एकच तर गोळी’ म्हणून हे सांगायचं राहून जातं.

गरोदरपणात मात्र निवडीचा प्रश्नच नाही : फ्लुकोनाझोल टाळायचं, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आत ठेवायचं औषध ७ दिवस वापरायचं. दिवस राहिले असण्याची शंका असली तरी हेच धरून चालावं.

आत ठेवायच्या औषधाचा परिणाम जागच्या जागी होतो, रक्तात फारच थोडं उतरतं. १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या सहा-सात रात्री, २०० च्या ३ रात्री, ५०० ची एकदाच. झोपताना, पाय दुमडून, जमेल तितकी आत. सकाळी कपड्यावर पांढरा चुरा दिसतो. तो गोळीचाच असतो, रोग वाढलेला नसतो. पाळीच्या दिवसांत औषध वाहून जातं, तेव्हा ते दिवस टाळून सुरू करावं. आत लावायच्या तेलकट क्रीममुळे कंडोम कमकुवत होतो, हे कुणी आपणहून सांगत नाही. बाहेरची कातडी लाल झाली असेल तर जोडीला साधं क्लोट्रिमाझोल क्रीम लावता येतं. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन हे नाव असेल तर ती परत करा. ते स्टिरॉइड आहे. खाज दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं.

घरगुती उपायांबद्दल माझं मत कडवट आहे. दही खावं, लावू नये. लसूण, व्हिनेगर, सुगंधी ‘इंटिमेट वॉश’ यांनी आग वाढते, बुरशी जात नाही.

वर्षात ३ किंवा जास्त वेळा त्रास झाला तर हा सगळा हिशेब बदलतो. तिथे स्रावाची तपासणी हवी, कारण या बुरशीच्या कॅन्डिडा ग्लाब्राटासारख्या जाती फ्लुकोनाझोलला फारशी दाद देत नाहीत. नेहमीची जात निघाली तर डॉक्टर बहुधा फ्लुकोनाझोलची पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी एकेक आणि पुढे ६ महिने आठवड्याला एक गोळी देतात. रक्तातली साखरही बघून घ्यावी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि त्यामुळे नेमकी ही बुरशी पोसली जाते. अशी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद न करता, ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना खाजेबद्दल स्पष्ट सांगा. पुरुष डॉक्टर असले तरी सांगा.