फ्लेक्स, वर्गनियम की पालकसभा? शाळेतलं वागणं ठरवायचं कसं

जून तोंडावर आला की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "पोरांना शिस्त राहिली नाही, यंदा काहीतरी नियम करूया." सगळे माना हलवतात, चहा येतो, आणि नियम कोण करणार हे ठरायच्या आत बैठक उठते. मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या समितीवर दोन वर्षं पालक सदस्य होते. एवढ्या काळात नियम करायच्या तीन तऱ्हा पाहिल्या. काही आमच्याच शाळेत, काही शेजारच्या गावांत. तुमच्या समितीला यंदा यातली एक निवडायची असेल तर पुढचं वाचा. मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

भिंतीवरचा फ्लेक्स

ही सगळ्यात सोपी वाट. मुख्याध्यापक एका दुपारी बसून पंधरा-वीस ओळी लिहितात, छपाईवाला त्यावर सूर्योदय आणि कबुतर टाकतो, आणि पाच-सातशे रुपयांत काम होतं. "शिस्त पाळा. गोंधळ करू नका. थोरांचा मान राखा. खोटे बोलू नका." वाचायला सगळं बरोबर. पण पहिलीच्या पोराला ते वाचताच येत नाही, आणि चौथीच्या पोराला "गोंधळ" म्हणजे नेमकं काय, हे त्या ओळीतून कळत नाही. घंटा झाल्यावर पळत सुटणं गोंधळ, की बाकावर ताल धरणं गोंधळ? ते त्या दिवशी गुरुजींच्या मनावर.

तरी फ्लेक्स अगदीच टाकाऊ नाही. ज्या गोष्टींवर चर्चाच नको, त्या तिथेच शोभतात. फाटक किती वाजता बंद होतं, मधल्या सुट्टीत आवाराबाहेर जायचं नाही, मूल न्यायला घरचं माणूस नसेल तर आधी कळवायचं. शिवाय शिक्षकांच्या बदल्या होतात. नव्या बाई जूनमध्ये हजर झाल्या की त्यांना चार गोष्टी लेखी मिळालेल्या बऱ्या.

फ्लेक्सची खरी अडचण शेवटच्या ओळीत असते, कारण तिथे शिक्षा लिहायचा मोह होतो. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, म्हणजे छडी, अंगठे धरणं, चारचौघांत पाणउतारा हे सगळं बाद. मग उरतो दंड. जवळच्या एका शाळेत उशिरा येणाऱ्याला पाच रुपये ठेवले होते. पहिल्या आठवड्यात पोरं वेळेवर आली. दुसऱ्या आठवड्यात एक बाप मोटरसायकल बंद न करताच फाटकावर थांबला, दहाची नोट काढून म्हणाला, "ह्ये आजचं आणि उद्याचं." त्याच्या हिशेबी मामला मिटला होता. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर असाच प्रयोग झाला होता, त्याचा निबंध 2000 साली छापला गेला. सहा पाळणाघरांनी मूल उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर करणारे जवळपास दुप्पट झाले. दंड बंद केल्यावरही आकडा खाली आला नाही. बाईंना ताटकळत ठेवल्याची जी लाज वाटायची, ती पैसे भरले की संपते.

मुलांनी केलेले वर्गनियम

दुसरी वाट वर्गातून जाते. अमेरिकेत 1981 पासून 'रिस्पॉन्सिव्ह क्लासरूम' नावाची एक पद्धत चालते. तिच्यात शिक्षक वर्षाच्या सुरुवातीला मुलांना विचारतात, यंदा तुला काय काय करायचंय? मग ते जमायला वर्गात कसं वागायला हवं, हे मुलंच काढतात. बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारातलं बारावं कलमही हेच म्हणतं, की मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचं मत ऐकलं गेलं पाहिजे. भारताने हा करार 1992 मध्ये मान्य केला.

आमच्या चौथीच्या बाईंनी हे करून पाहिलं त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. पहिली दहा मिनिटं वाया गेली. "आम्ही मोठ्यांचा आदर करू", "आम्ही स्वच्छता राखू" असे परिपाठातले सुविचारच पोरं घडाघडा म्हणत होती. मग बाईंनी प्रश्न फिरवला. मधल्या सुट्टीत मारामारी कशावरून होते?

वर्ग गप्प झाला. मग खिडकीजवळचा एक बारका पोरगा म्हणाला, "बापाच्या नावानं हाक मारत्यात."

आपल्या भागात वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पोराला त्याच्या नावाऐवजी त्याच्या बापाच्या, नाहीतर आईच्या नावानं मैदानभर हाक मारायची. शिवी नाही, काही नाही, नुसतं नाव. पण तेवढ्यानं दप्तरं उडतात, गुंड्या तुटतात. समितीतल्या आम्ही मोठ्यांनी वर्षभर शिस्तीवर भाषणं ठोकली, पण हे एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं. वर्गाचा पहिला नियम तोच झाला: कुणाला आई-वडिलांच्या नावानं हाक मारायची नाही. त्यावर एका पोरीनं विचारलं, "मग लका म्हणायचं का?" लका म्हणजे दोस्तीतला "लेका". यावर बरीच घासाघीस झाली. शेवटी "लका चालतंय" असं ठरलं. मला ते पटलं. सांगली-साताऱ्याकडचा "लका" हा आदर मोडत नाही, आणि तो बंद करायला निघालेली शाळा आठ दिवसांत हरली असती.

या वाटेतले दोन खड्डेही तिथंच दिसले. मुलांच्या हाती शिक्षा दिली की ती आपल्यापेक्षा कडक निघतात. "कोंबडा करायचा", "दिवसभर बाहेर उभं करायचं", सूचनांचा पाऊस पडला. बाईंना कायदा आठवून तो अडवावा लागला. दुसरा खड्डा याहून मोठा. चौथीचा नियम चौथीच्या भिंतीवर राहतो. मैदान, नळ, स्वच्छतागृह, फाटक यांना भिंत नाही आणि वर्गशिक्षकही नाही, आणि भांडणं नेमकी तिथंच होतात. शिवाय बाईंची बदली झाली की तो कागदही गेला.

सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या चार गोष्टी

तिसऱ्या पद्धतीचं मूळ अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाकडे जातं. 1990 च्या दशकात तिथल्या संशोधकांनी ती शाळाभर राबवण्यासारखी करून मांडली. सांगाडा साधा आहे. सबंध शाळेसाठी तीन ते पाचच अपेक्षा, त्याही "नका" न म्हणता "असं करू" अशा. मग एक तक्ता: डावीकडे अपेक्षा, वर शाळेतल्या जागा, आणि प्रत्येक चौकटीत त्या जागी ती अपेक्षा प्रत्यक्ष कशी दिसते ते. आणि ते नुसतं टांगायचं नाही. मुलांना त्या त्या जागी नेऊन करून दाखवायचं, जसं कवायत शिकवतो तसं.

आम्ही आधी त्यांचे शब्द उचलले. "सुरक्षित राहा, आदर राखा, जबाबदारीने वागा." एसटी स्टँडवरची पाटी वाटली. मग पालकसभेत घोळ घालून चार ओळी निघाल्या: आपली पाळी आली की घेऊ. मनाला लागेल असं बोलणार नाही. अंगाला लागेल असं करणार नाही. शाळेची वस्तू घरच्यासारखी वापरू. दोन ओळींत "नाही" शिरलंच, ते तसंच ठेवलं. दुसरी ओळ चौथीच्या त्या वर्गाची देणगी.

खरी गंमत तक्ता भरताना आली. "पाळी" आणि "नळ" जिथं मिळतात ती चौकट. गुरुजींनी लिहिलं, "रांगेत उभे राहू." खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. त्या म्हणाल्या, "रांग कुठली लावताय? तोट्या पाच हाईत, पानी दोनालाच येतंय, आनि पोरं नव्वद. ढकलाढकली हुनार न्हाई तर काय?"

दुसऱ्या दिवशी मी खिचडीच्या घंटेला जाऊन उभी राहिले. घंटा झाली तशी चौथीची पोरं दोन तोट्यांवर तुटून पडली. पहिलीची एक मुलगी ताट छातीशी धरून बाजूला उभी होती. तिचे हात धुवून होईपर्यंत वाढप निम्मं उरकलं होतं. वर्षभर आम्ही ज्याला बेशिस्त म्हणत होतो, त्यातलं बरंचसं तीन बंद तोट्यांचं होतं. ग्रामपंचायतीनं तोट्या बसवून दिल्या. पहिली-दुसरीची घंटा पाच मिनिटं आधी वाजू लागली. त्या चौकटीत आता लिहिलंय, "नळावर लहान आधी."

फ्लेक्स आणि वर्गनियम दोन्ही असं गृहीत धरतात की चूक पोराची आहे. या तक्त्याची चौकट भरायला बसलं की जागेची चूकही दिसते. माझं मत या पद्धतीकडे झुकतं ते यामुळेच.

आणि आणखी एका रकान्यामुळे. आम्ही शेवटी "मोठ्यांनी" असा रकाना काढला. फाटकासमोर गाडी आडवी लावायची नाही, पोराला सोडताना शिवी द्यायची नाही, शिक्षकांनी वर्गात मोबाईल खिशात ठेवायचा. यावर सभा तापली. "आता आम्हाला बी नियम का?" असं एकानं विचारलंच. तो रकाना काढून टाका असा ठराव येता येता राहिला. तुमच्याकडेही हे होणार, तयारी ठेवा. बसून आपलं आपण ठरवायची सवय या मुलखाला जुनीच. 1943 ते 1946 च्या प्रतिसरकारात, म्हणजे इंग्रजांना न जुमानता क्रांतिकारकांनी इथं चालवलेल्या समांतर सरकारात, गावचे तंटे गावातच सुटायचे. तळपायांवर मारायची तेव्हाची शिक्षेची पद्धत तेवढी शाळेत आणू नका.

या वाटेला वेळ लागतो. आम्हाला तीन सभा आणि दीड महिना लागला. सभा अकरा वाजता ठेवली तर पारावरची पाच माणसं येतात आणि तीच बोलतात, आया भांगलणीला गेलेल्या असतात. कायद्याने समितीत 75 टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात, पण कागदावरच्या निम्म्या सभेत दिसायच्या असतील तर वेळ संध्याकाळचीच हवी. द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबरच्या छाटणीत तर सभा घेऊच नका, कुत्रंही फिरकणार नाही.

बक्षिसांचं काय?

तिसऱ्या पद्धतीबरोबर बऱ्याचदा चांदण्या, टोकन, "महिन्याचा आदर्श विद्यार्थी" हे सगळं येतं. ओरेगॉनवाल्यांनीही चांगल्या वागण्याची दखल घ्यायला सांगितलंय. पण दखल वेगळी आणि चांदणी वेगळी. 1973 मध्ये स्टॅनफर्डला बालवाडीतल्या मुलांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना आधी प्रमाणपत्र कबूल केलं आणि ते दिलंही. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. "तू आज त्या छोटीला पुढं जाऊ दिलंस, मी पाहिलं" एवढं बाईंनी म्हटलं तरी पुरतं, आणि ते फुकट आहे.

समोरासमोर

फ्लेक्स एका दिवसात होतो आणि दिवाळीपर्यंत त्याच्यावरचं कबुतर फिकं पडतं. वर्गनियमांना आठवडा लागतो, मुलं ते मनापासून पाळतात, पण उंबऱ्याच्या आत. तक्ता सगळ्यात महाग, पैशानं नाही तर वेळानं, आणि टिकतोही तोच, पण दर सत्राला पुन्हा करून दाखवला तर. पहिल्या वर्षी आम्ही दिवाळीनंतर तो दाखवायला विसरलो. त्याच सुमारास कारखान्यांचा हंगाम सुरू झाला आणि ऊसतोडीवाल्यांची मुलं शाळेत आली. त्यांच्यापैकी कुणीच जूनमधल्या सभेत नव्हतं. "यांना शिस्त नाही" असं लगेच बोललं गेलं. अहो, यांना कुणी सांगितलं होतं?

दोन शिक्षकी, चाळीस-पन्नास पटाची शाळा असेल तर वर्गनियम आणि तक्ता मुळीच वेगळे ठेवू नका. दोन्ही वर्गखोल्यांतल्या मुलांना एकत्र बसवून त्यांच्या तोंडून भांडणाची कारणं काढा आणि त्यावरून थेट चार ओळींचा तक्ता करा. सांगली-मिरजेतली मोठी खासगी शाळा असेल तर डायरीत नियमावली छापलेली असतेच, ती राहू द्या. शिक्षक-पालक संघात फक्त मैदान, स्वच्छतागृह आणि व्हॅनचा थांबा या तीन जागांच्या चौकटी भरून घ्या. आणि मुख्याध्यापकांनाच हे नको असेल, तर तक्त्याच्या मागे लागू नका. एका उत्साही बाईंच्या वर्गापासून सुरू करा, शेजारचा वर्ग आपोआप डोकावतो.

एक गोष्ट मात्र या तिन्हींच्या बाहेर ठेवा. मुलाला कुणी चुकीच्या तऱ्हेनं हात लावला, अशी कुणकुण जरी लागली, तरी ती वर्गसभेत किंवा समितीत "मिटवायची" नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक 1098, तो फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात छापा.

आमच्याकडे यंदाची पहिली सभा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सातला आहे. दुसरी दिवाळीच्या सुट्टीनंतर, ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, जाऊन घ्यायची असं ठरलंय. तक्ता घेऊन जायचं काम खिचडीच्या मावशींनी अंगावर घेतलंय.