बोटीवर राहायचंय? मग कॅमेरा असा घ्या (ऑलिंपस टफ टीजी-६ बद्दल)

मांडव्याहून निघायचं, जंजिरा, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग करत मालवण गाठायचं आणि रात्री नांगर टाकून बोटीवरच झोपायचं, अशा प्रवासाला कुठला कॅमेरा न्यावा असं बरेच जण विचारतात आणि सगळ्यांची सुरुवात मेगापिक्सेलपासूनच होते. माझं म्हणणं, आधी मिठाचा विचार करा, मग चार्जिंगचा, आणि मेगापिक्सेलचा सगळ्यात शेवटी.

सकाळी मतलई वाऱ्यावर समुद्र शांत असतो, पण दुपारी खारे वारे सुरू झाले की बारीक तुषार उडायला लागतात, डोळ्याला दिसतही नाहीत, मात्र तासाभरात चष्म्यावर पांढरट थर येतो आणि डेकवरची दोरी हाताला चिकट लागते. तोच थर कॅमेऱ्याच्या बटणांच्या फटीत आणि पुढे-मागे होणाऱ्या झूमच्या नळीत जाऊन बसतो. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं त्यामुळे नुसतं पुसून भागत नाही, ते गोड्या पाण्यानेच धुवावं लागतं, आणि साधा कॅमेरा धुणार कसा?

म्हणून मी टीजी-६ घेतला. २०१९ चं मॉडेल आहे, १२ मेगापिक्सेल, वजन साधारण २५३ ग्रॅम, १५ मीटर खोल पाण्यात चालतो, आणि झूम आतल्या आत होतो, लेन्स बाहेर येतच नाही. ही शेवटची गोष्ट मला १५ मीटरपेक्षाही जास्त मोलाची वाटते कारण बोटीवर आपण पाण्याखाली कमी असतो आणि तुषारात दिवसभर. संध्याकाळी डबाभर गोडं पाणी घ्यायचं, झाकणं घट्ट बंद आहेत ना बघायचं, कॅमेरा त्यात बुडवून ठेवायचा, मग कोरड्या सुती फडक्याने पुसून सावलीत वाळवायचा. बोटीवर गोडं पाणी जपून वापरावं लागतं पण एवढं यासाठी बाजूला ठेवाच.

आता चार्जिंग. बॅटरी एलआय-९२बी, एका चार्जमध्ये सुमारे ३४० फोटो असं कंपनी सांगते. कॅमेरा यूएसबीने चार्ज होतो म्हणजे बोटीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला गाडीतला साधा यूएसबी चार्जर लावला की काम होतं, इन्व्हर्टर नको. पण त्यासाठी झाकण उघडावं लागतं आणि खरा धोका तिथेच आहे. आतलं रबरी सील म्हणजे या कॅमेऱ्याचा जीव, त्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण अडकला तरी पाणी आत जाऊ शकतं. त्यामुळे दोन जास्तीच्या बॅटऱ्या आणि बाहेर चार्ज करायचा वेगळा चार्जर घ्याच, तो सोबत येत नाही, विकत घ्यावा लागतो, आणि झाकण फक्त केबिनमध्ये, हात आणि कॅमेरा दोन्ही कोरडे करून उघडा. सील वर्षातून एकदा बदलून घ्यावं. आणखी एक, वर जीपीएस लॉगचा खटका आहे, तो चालू राहिला तर बॅटरी खातो, पण कुठला फोटो कुठल्या खाडीच्या तोंडाशी काढला हे नंतर नकाशावर बघायला मिळतं म्हणून मी दिवसा तो चालू ठेवतो.

फोटोंचं म्हणाल तर २५ ते १०० मिलिमीटर, म्हणजे चौपट, एवढाच झूम. जंजिऱ्याला हा पुरतो, कारण त्याचा दरवाजा लांबून दिसतच नाही, होडी अगदी तटाजवळ गेली की एकदम समोर येतो आणि तेव्हा वाइडच, म्हणजे जास्त रुंद भाग टिपणारी लेन्सच लागते. मायक्रोस्कोप मोड तर अफलातून, लेन्सपासून १ सेंटिमीटरवरची वस्तू स्वच्छ येते. ओहोटीला जेट्टीच्या खांबावरची कालवं काढून बघा, एकावर एक बसलेले शिंपल्याचे थर आणि त्यांच्या कडेला अडकलेला पाण्याचा थेंब, सगळं दिसतं.

पण डॉल्फिन आले, किंवा वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर पाकोळ्या आणि समुद्री गरुड दिसले तर १०० मिलिमीटर अगदी तोकडं पडतं. सेन्सरही छोटा आहे, अंधार पडला की फोटो खरबरीत येतात, आणि व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नसल्याने भर उन्हात स्क्रीनवर नीट दिसत नाही. पक्षी, डॉल्फिन यांचंच वेड असेल तर जोडीला पॅनासॉनिकचा एफझेड३०० बघा, २५ ते ६०० मिलिमीटर, शेवटपर्यंत एफ २.८ म्हणजे लांबच्या झूमलाही लेन्स तेवढाच उजेड आत घेते, तुषार सोसेल असा बांधलेला, व्ह्यूफाइंडरसकट. वजन जवळपास ७०० ग्रॅम. तो मात्र पाण्यात बुडवायचा नाही, तुषार आणि बुडणं यात फार फरक आहे. ठेवायचा तो रबरी कडेच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कारण आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही. स्टॅबिलायझर हात हलतो त्याला सांभाळून घेतो, अख्खी बोट डुलते त्याला नाही, त्यामुळे लांबच्या झूमला शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा. ट्रायपॉड घरीच राहू दे, डेकच हलत असताना त्याचा काय उपयोग.

फोन आहे ना मग कॅमेरा कशाला, असंही म्हणतात. फोनवर लिहिलेलं आयपी६८ म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचं मानांकन, त्याची चाचणी गोड्या पाण्यात होते, खाऱ्या नाही, आणि बोटीवर फोन नकाशासाठी, हवामानासाठी, वेळ पडली तर मदत मागायला लागतो. तो फोटोच्या नादात पाण्यात घालवणं मला पटत नाही.

टीजी-६ बुडतो, तरंगत नाही, त्यामुळे तरंगणारा पट्टा पहिल्याच दिवशी लावा. नंतरचा टीजी-७ हा २०२३ मध्ये ओएम सिस्टम या नावाने आला, त्याला यूएसबी-सी आहे, म्हणजे फोनचीच वायर चालते, बाकी फोटोत फार फरक नाही. नवा घ्यायचा तर तोच घ्या. टीजी-६ स्वस्तात मिळाला तरी चालेल, पण जुना वापरलेला घेऊ नका, आधीच्या माणसाने सील कसं वापरलं ते बाहेरून बघून कळत नाही.