गुटी कलमाचे प्लास्टिक गोळे, क्रोटनवर वापरून बघितले
क्रोटनचा (रंगीत पानांचं शोभेचं झाड) नाद आहे मला त्यामुळे गुटी कलम, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं आणून नवं रोप करणं, नेहमीचंच, पण यावेळी पिशवी नि सुतळी सोडून ते दोन भागांचे खटकन बंद होणारे गोळे वापरले आणि खरंच आवडले. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची 2 सेंटीमीटर साल गोल काढली, चीक पुसला, आतला ओलसर थर नीट खरवडला (तो राहिला की साल परत जुळते नि मुळं येतच नाहीत), भिजवून पिळलेलं मॉस (ओलावा धरणारं शेवाळ) गोळ्यात गच्च भरलं नि तो त्या जागेभोवती बंद केला. 6 आठवड्यांत पांढरी मुळं! पारदर्शकच घ्या, मुळं बाहेरून दिसतात, फक्त उन्हात असेल तर वरून फॉइल गुंडाळा. लहान साइज मात्र नको, मॉस पटकन सुकतं.