फॅनसाठी 9,800? पॉवर्ड स्पीकरसोबतचे 14 महिने

वॉरंटी एक वर्षाची, आणि फॅन करकरायला लागला बरोबर तेराव्या महिन्यात.

एचएक्स स्टॉम्पसाठी (गिटारचे अँप आणि कॅब यांची नक्कल करणारा मॉडेलर) 12 इंची, फुल रेंज, ट्विटरवाला (तीक्ष्ण आवाजासाठी वेगळा छोटा स्पीकर असलेला) पॉवर्ड स्पीकर, म्हणजे अँप आतच असलेला, 26,500 ला घेतला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. खोक्यावर 2000 वॉट छापलंय. तो पीक आकडा, त्याला भुलू नका. सेलेस्टियनचा व्हिंटेज 30 हा गिटारचा स्पीकर फक्त 60 वॉटचा, पण 1 वॉटला 1 मीटरवर 100 डेसिबल देतो. आमच्या ड्रमरला तेवढा पुरून उरतो.

पण मुद्दा फॅनचा. स्पीकर चालू की फॅन चालू, वाजवा नाहीतर नका वाजवू. दुकानातल्या गोंगाटात हे कळत नाही. घरी रात्री अकराला, आई झोपल्यावर, क्लीन टोनवर एक सूर सोडावा, तो विरत जावा आणि मागून घूंऽऽऽ. हे पहिल्या दिवसापासून. करकर नंतरची.

तिसऱ्या महिन्यात मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, पॉवर्ड स्पीकर घेऊ नका, कान फाडतो. ते शब्द मागे घेतो. पॅच, म्हणजे मॉडेलरमध्ये साठवलेले टोन, सगळे घरी, हळू आवाजात बनवलेले. हळू आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी पडतात, म्हणून आपण ते चढवतो, आणि स्टेजवर तेच अंगावर येतात. शिवाय गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर गप्प होतो, ट्विटर होत नाही. मॉडेलरच्या कॅब ब्लॉकमध्ये (गिटारच्या स्पीकर-पेटीची, म्हणजे कॅबची, नक्कल करणारा भाग) लो कट 90 हर्ट्झ, हाय कट 6 किलोहर्ट्झ केला, म्हणजे त्याखालचं आणि त्यावरचं कापलं, सगळं बँडच्या आवाजात पुन्हा लावलं, आणि पैसे वसूल वाटले. जमिनीवर ठेवला की बेस फुगतो. माझा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो.

मधे महिनाभर मित्राचा पॉवर अँप आणि 1x12 (एकच 12 इंची स्पीकर असलेला) गिटार कॅब वापरला. छातीत जो धक्का बसतो तो त्यातच, खोटं कशाला बोलू. फक्त मॉडेलरमधला कॅब सिम (तीच कॅबची नक्कल) बंद करायचा, नाहीतर आवाज गोधडीखालून येतो. गणपतीत साउंडवाल्यालाही मी तोच बिनकॅबचा सिग्नल दिला आणि पीएतून (कार्यक्रमाच्या मोठ्या साउंड सिस्टीममधून) गांधीलमाश्या सुटल्या. "दादा, गिटार बिघडलीय का?" मग पॅच दोन वाटांचा केला: लेफ्टमधून कॅबविना पॉवर अँपला, राइटमधून कॅबसकट पीएला. तरी कॅब परत केलाच. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

तर फॅन. सर्व्हिस सेंटर म्हणे सुटा येत नाही, अख्खं अँप मॉड्यूल बदला, 9,800. एका फॅनसाठी! तीन फोन, दोन फेऱ्या, प्रत्येक वेळी नवा माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून कहाणी. शेवटी तापकीर गल्लीत 60 एमएमचा, 12 व्होल्टचा फॅन 180 ला मिळाला. आत कपॅसिटर चार्ज धरून बसतात, म्हणून स्वतः उघडला नाही. पीए दुरुस्त करणाऱ्याकडून बसवून घेतला, मजुरी 250. त्याने जाळीसमोर कागदाचा कपटा धरून हवा बाहेर फेकतोय ना, ते पाहिलं आणि मगच स्क्रू आवळले.

430 रुपये. आता रात्री सूर विरला की फ्रिज ऐकू येतो.