तंबाखूच्या आजाराचा खर्च: वाढीव हप्ता की सरकारी योजना?

खासगी विम्याच्या अर्जात तंबाखूचे सेवन करता का, हा प्रश्न असतो आणि 'होय' लिहिल्यास हप्ता वाढू शकतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार व्यसनाची चौकशी न करता मिळतात. ज्याची सवय, त्याचा भुर्दंड, ही पहिली पद्धत वरकरणी न्याय्य वाटते. पण पहाटे उसाच्या फडात शिरण्यापूर्वी तळहातावर चुना मळून, भूक मारण्यासाठी दाढेखाली चिमूट धरणारा तोडणी कामगार असा अर्ज मुळात भरतच नाही. आणि जो भरतो तो खरे लिहीलच असे नाही, मग दावा नाकारला जाण्याची वेळ येते ती नेमकी कर्करोगाचे निदान झाल्यावर.

दुसऱ्या पद्धतीत न खाणाऱ्याच्या करातून खाणाऱ्याचे उपचार होतात, ही तक्रार खोटी नाही. तरीही मला हीच पद्धत अधिक पटते, कारण तंबाखूवरील करातून खाणारा काही अंशी आगाऊ भरतच असतो (अर्थात तो पैसा रुग्णालयापर्यंत पोहोचतोच असे नाही), आणि २०१२ पासून गुटखाबंदी असूनही ज्या राज्यात पुड्या सर्रास मिळतात, तिथे सगळा दोष खाणाऱ्याच्याच माथी मारता येत नाही.